बराकपूरच्या साक्षी आणि आघाताची स्मृती

१

साक्षीदार हा इतिहासाचा आधार आणि त्याची स्मृती ही त्या आधाराची भूमी होय. परंतु या भूमीची परीक्षा इतिहासाच्या अभ्यासकांनी जितकी करावयास हवी होती तितकी केलेली आढळत नाही. साक्षीदार पक्षपाती होता काय, त्याला खोटे बोलण्याचे कारण होते काय, तो घटनास्थळी हजर होता काय, असे प्रश्न साधनचिकित्सेत पूर्वापार विचारले जातात. साक्षीदार सत्यनिष्ठ असूनही, हजर असूनही, त्याच्या शरीराला त्या क्षणी झालेल्या आघातामुळे त्याला जे आठवते ते निराळ्याच आकाराचे असू शकते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. सत्य आणि असत्य यांच्यामधला हा प्रदेश बराच विस्तीर्ण असून १८५७ च्या उठावाची कितीतरी साधने या प्रदेशातच जन्मली आहेत.

या प्रश्नाचा विचार करण्यास बराकपूरसारखे दुसरे स्थळ नाही. कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीच्या पूर्वतीरावर, श्रीरामपूरच्या समोर, हे गाव वसले आहे. कंपनी सरकारच्या बंगालमधील अगदी आरंभीच्या लष्करी छावण्यांपैकी ही एक. सैनिकांच्या बराकींवरूनच गावास हे नाव पडले. त्याचे जुने देशी नाव चाणक. येथील कवायतीच्या मैदानावर २९ मार्च १८५७ रोजी, रविवारी दुपारनंतर, जे घडले त्याची हकीगत शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु ती हकीगत ज्या कागदांवर उभी आहे ते कागद म्हणजे जखमी झालेल्या माणसांच्या जबान्या आहेत, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. ज्याने तलवार चालविली तो जखमी, ज्यांच्यावर ती चालली ते जखमी, ज्याने त्याला कवेत धरले तोही जखमी. आघात झालेल्या शरीरांनी सांगितलेला असा इतिहास किती व कोणत्या बाबतीत ग्राह्य मानावा, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

२

घटना थोडक्यात अशी. चौतिसाव्या देशी पायदळ पलटणीतील मंगल पांडे हा शिपाई भरलेली बंदूक व तलवार घेऊन क्वार्टर गार्डासमोरील मैदानात आला आणि आपल्या सोबत्यांना धर्मरक्षणार्थ बाहेर पडण्याचे आवाहन करू लागला. फेब्रुवारीत बहरामपूर येथे एकोणिसाव्या पलटणीने काडतुसे घेण्यास नकार दिला होता; तिला निःशस्त्र करण्यासाठी बराकपुरास आणले जात होते, आणि गोऱ्या फौजेच्या आगमनाच्या वार्तेने छावणीतील वातावरण तापलेले होते. सार्जंट-मेजर ह्यूसन प्रथम तेथे पोहोचला. त्याच्यावर पांडेने गोळी झाडली, ती लागली नाही. पाठोपाठ पलटणीचा ॲडज्युटंट लेफ्टनंट बॉ घोड्यावरून आला. पांडेने तोफेच्या आडून मारलेली गोळी घोड्यास लागून घोडा व स्वार दोघेही कोसळले. बॉने पिस्तूल झाडले, नेम चुकला. मग तलवारींची झटापट झाली. तीत बॉ जखमी झाला आणि ह्यूसन मागून बसलेल्या तडाख्याने खाली पडला. शेख पलटू नावाच्या शिपायाने पांडेला कमरेभोवती मिठी मारून धरून ठेवले, तेव्हाच दोघा गोऱ्या अधिकाऱ्यांना निसटता आले. या मिठीत पलटूही जखमी झाला.

पहाऱ्यावरील जमादार ईश्वरी प्रसाद आणि त्याचे शिपाई मात्र जागचे हलले नाहीत. उलट त्यांच्यापैकी काहींनी गोऱ्या अधिकाऱ्यांवरच दस्ते चालविले असा आरोप पुढे झाला. शेवटी सेनापती हिअर्सी आपल्या दोन मुलांसह घोड्यावरून येऊन पहाऱ्यावर चालून गेला, तेव्हा पांडेने बंदुकीची नळी स्वतःच्या छातीस लावून पायाच्या बोटाने चाप दाबला. जखम झाली, प्राण गेला नाही. ६ एप्रिल रोजी देशी अधिकाऱ्यांच्या लष्करी न्यायालयापुढे त्याची चौकशी होऊन ८ एप्रिलला त्यास फाशी देण्यात आले. ईश्वरी प्रसादास २१ एप्रिलला फाशी झाली. शेख पलटू हवालदार झाला. मे महिन्याच्या आरंभी बराकपुरातील चौतिसावी पलटण मोडून टाकण्यात आली.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयाची. पांडेचा अपराध शाबीत करण्यास कोणाच्याही स्मृतीची फारशी आवश्यकता नव्हती. शेकडो डोळ्यांदेखत तो घडला होता. स्मृतीची खरी कसोटी लागली ती दुसऱ्या प्रश्नाबाबत : पहाऱ्यावरील कोणी काय केले, कोणी काय केले नाही, मागून तडाखा कोणाचा होता, जमादाराने आपल्या माणसांना अडविले काय. एका माणसाचा जीव आणि एका पलटणीचे भवितव्य या उत्तरांवर अवलंबून होते. आणि हीच ती बाब आहे की जिच्याविषयी झटापटीत सापडलेल्या माणसाची स्मृती सर्वांत दुबळी असते.

३

ती दुबळी का असते हे समजून घेण्यासाठी स्मृती कशी घडते याचा विचार करणे प्राप्त आहे. स्मृती म्हणजे मनाच्या पेटीत जपून ठेवलेले चित्र, ही कल्पना फार जुनी आहे आणि काव्यात ती शोभतेही; परंतु शास्त्राने ती केव्हाच टाकून दिली. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो याने १८८१ मध्ये स्मृतीच्या विकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यास असे आढळले होते की मेंदूस इजा झाल्यावर ताज्या आठवणी आधी नाहीशा होतात आणि जुन्या टिकून राहतात. म्हणजे आठवण जुनी होता होता अधिक घट्ट होते. १९०० साली जर्मनीतील म्युलर व पिल्त्सेकर यांनी या घट्ट होण्याच्या क्रियेस नाव दिले; तिला मराठीत दृढीकरण म्हणता येईल. अनुभव येतो त्या क्षणी स्मृती तयार झालेली नसते. ती नंतरच्या मिनिटांत, तासांत, दिवसांत घडत असते. ओल्या मातीवर उमटलेला ठसा वाळण्यापूर्वी त्यावर दुसरा पाय पडला, तर दोन्ही ठसे बिघडतात; तसेच हे आहे.

हे बिघडणे प्रत्यक्ष कसे होते ते दोन महायुद्धांनी दाखवून दिले. १९१५ मध्ये ब्रिटिश वैद्य चार्ल्स मायर्स याने तोफगोळ्यांच्या स्फोटातून वाचलेल्या सैनिकांच्या स्मृतिनाशाची नोंद केली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, रसेल व नेथन यांनी डोक्यास मार लागलेल्या हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा घेतला. मार लागण्यापूर्वीचा काही काळ बहुतेकांच्या आठवणीतून पुसला गेला होता आणि तो काळ सामान्यतः अल्प, काही क्षणांचा वा मिनिटांचा होता. माणूस शुद्धीवर असला, बोलत असला, चालत असला, तरी मार लागल्यानंतरचा बराच काळ त्याच्या स्मृतीत शिरतच नाही, हेही त्यात दिसले. पुढे १९५७ मध्ये स्कोव्हिल व मिल्नर यांनी एका रुग्णाची हकीगत प्रसिद्ध केली. अपस्माराच्या उपचारासाठी त्याच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग काढून टाकण्यात आला होता. त्याची बुद्धी शाबूत राहिली, बालपण आठवत राहिले, परंतु नवा अनुभव म्हणून काही त्याच्यापाशी टिकेना. नव्या स्मृतीच्या घडणीत या भागाचे स्थान किती मोठे आहे हे त्यावरून उघड झाले.

डोक्यास मार लागला नाही तरी भय आणि वेदना यांचा परिणाम याच यंत्रणेवर होतो. संकटाच्या क्षणी शरीरात ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही द्रव्ये पसरतात. मेंदूतील ॲमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग जागा होतो आणि हिप्पोकॅम्पसच्या कामात हस्तक्षेप करू लागतो. हा हस्तक्षेप दुहेरी आहे. अमेरिकन संशोधक जेम्स मॅकगॉ याने प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले की अनुभवानंतर लगेच उत्तेजक द्रव्य टोचल्यास आठवण अधिक बळकट होते. १९९४ मध्ये त्याच्या सहकाऱ्यांनी माणसांना या उत्तेजनाचा परिणाम रोखणारे औषध देऊन एक भावोत्कट गोष्ट सांगितली, तेव्हा त्या गोष्टीतील भावोत्कट भाग त्यांना इतरांइतका नीट आठवला नाही. म्हणजे मध्यम प्रमाणातील भय स्मृतीस धार आणते. परंतु ताण मर्यादेबाहेर गेला वा फार काळ टिकला म्हणजे हीच द्रव्ये हिप्पोकॅम्पसच्या कार्यास मारक ठरतात. यर्क्स व डॉडसन यांनी १९०८ मध्येच उंदरांच्या शिक्षणाबाबत असा नियम मांडला होता की उत्तेजनाबरोबर कार्य सुधारते, पण अवघड कार्यात एका मर्यादेनंतर ते ढासळू लागते.

तिसरी गोष्ट अवधानाची. ईस्टरब्रुक याने १९५९ मध्ये दाखविले की उत्तेजना वाढली म्हणजे अवधानाचे क्षेत्र आकुंचन पावते. डोळ्यांपुढे परजलेली तलवार असते तेव्हा मनुष्य तलवार पाहतो. तलवारीच्या मागचा चेहरा, चेहऱ्याच्या मागची माणसे, त्यांच्या हालचाली हे सारे त्याच्या दृष्टीच्या कडेस राहते. जे अवधानात आले नाही ते स्मृतीत येणार कोठून? अमेरिकन लष्कराच्या एका प्रशिक्षण-शिबिरात पाचशेहून अधिक जवानांवर झालेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे फार महत्त्वाचा आहे. शारीरिक बळाचा वापर असलेल्या कठोर उलटतपासणीतून गेल्यावर आपल्यासमोर अर्धा तासाहून अधिक वेळ बसलेल्या माणसाचा चेहराही त्यांतील पुष्कळांना एका दिवसानंतर ओळखता आला नाही. सौम्य उलटतपासणीत मात्र ओळख बरीच चांगली राहिली. हे जवान निवडक व कणखर प्रकृतीचे होते, तरी असे घडले.

४

आता बराकपूरच्या जबान्यांकडे परत वळावे. ह्यूसनच्या साक्षीत जे तपशील ठसठशीत आहेत ते असे : जमादाराला त्याने पांडेस पकडावयास सांगितले तेव्हा जमादाराने दिलेले उत्तर, घोड्याच्या टापा ऐकून, शिपाई गोळी घालील, उजवीकडे व्हा, असे त्याने बॉला ओरडून सांगणे. हे सर्व झटापट सुरू होण्यापूर्वीचे वा तिच्या तोंडाशी घडलेले क्षण आहेत. भय जागे झाले आहे, शरीर अजून कोसळलेले नाही, अशा अवस्थेतील आठवणी बळकट असाव्यात हे शास्त्रास धरूनच आहे. बॉच्या हकीगतीतही घोडा कोसळणे, पिस्तूल झाडणे, शत्रूची तलवार, हे मध्यवर्ती भाग स्पष्ट आहेत. त्यांवर विश्वास ठेवण्यास हरकत दिसत नाही. निरनिराळे साक्षीदारही या बाबींत एकमेकांस दुजोरा देतात.

परंतु ज्या प्रश्नावर ईश्वरी प्रसादाचा जीव टांगलेला होता तो प्रश्न दृष्टीच्या मध्यभागी नव्हता. कडेला होता, किंबहुना पाठीमागे होता. मागून दस्ता बसला तो कोणाचा? पहाऱ्यावरील शिपाई पुढे सरसावत होते आणि जमादाराने त्यांना अडविले, की ते मुळातच निश्चल उभे होते? तलवारीशी झुंजणाऱ्या, जमिनीवर कोसळलेल्या माणसाने हे पाहणे शरीरतः जवळजवळ अशक्य होते. जे पाहिले गेले नाही तेही चौकशीत विचारले जाते, आणि विचारले गेले म्हणजे मन त्याची पूर्ती करू लागते. केंब्रिजच्या बार्टलेटने १९३२ मध्ये दाखवून दिले की आठवणे म्हणजे पुनर्रचना करणे. गाळलेल्या जागा माणूस आपल्या समजुतींनी भरून काढतो आणि त्याला स्वतःला याची जाणीव नसते. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मनातील समजूत कोणती होती हे सांगावयास नको : सारी पलटण फितूर आहे. पहाऱ्याची निष्क्रियता अनेकांनी पाहिली होती, ती खरीच होती. निष्क्रियतेतून सक्रिय विरोध आणि विरोधातून कट, ही चढण मात्र स्मृतीने चढली की समजुतीने, हे आज या कागदांवरून निश्चित करता येणार नाही.

शेख पलटूची साक्ष याहून अवघड. सर्वांत जवळून पाहणारा तोच होता. परंतु त्याचे दोन्ही हात एका सशस्त्र माणसाभोवती गुंतलेले, अंगावर जखम, आणि सोबत्यांच्या धमक्या कानांवर येत असलेल्या. त्यात हवालदारीची बढतीही त्याला लाभली. बढतीमुळे तो खोटे बोलला असे मानण्याचे कारण नाही. परंतु ज्या हकीगतीबद्दल मनुष्याचा गौरव होतो ती हकीगत तो पुन्हा पुन्हा सांगतो, आणि पुन्हा सांगण्याचा परिणाम स्मृतीवर होतो. नेडर व त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की आठवण जागी केली म्हणजे ती काही काळ पुन्हा ओली होते आणि तिचे नव्याने दृढीकरण व्हावे लागते. सांगितलेली गोष्ट आणि घडलेली गोष्ट यांतील सीमारेषा अशी प्रत्येक वेळी थोडी सरकत जाते.

शिवाय शिपायांच्या साक्षी दुभाष्याच्या वाटेने इंग्रजी कागदावर उतरल्या आहेत. शिपायाच्या हिंदुस्थानी बोलीतील संदिग्धता, त्याचे अडखळणे, त्याचे ‘असे वाटले’ आणि ‘असे पाहिले’ यांतील अंतर, हे सर्व दफ्तरी इंग्रजीच्या सपाट वाक्यांत विरघळून गेले. स्मृतीची चिकित्सा करण्यास जे खाचखळगे सर्वांत उपयोगी पडतात तेच या कागदांवरून नाहीसे झाले आहेत.

५

मंगल पांडेच्या स्वतःच्या उत्तरांचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे. उत्तरे अगदी थोडी आहेत. कोणाचे नाव सांगावयाचे आहे काय, असे विचारता त्याने नाही म्हटले. जे केले ते स्वतःच्या इच्छेने केले, असे सांगितले. काही अमली पदार्थ घेतला होता काय, या प्रश्नावर अलीकडे भांग व अफू घेत असल्याचे त्याने मान्य केले, आणि कोणाला जखमी केले, कोणाला नाही, हे आपणास ठाऊक नव्हते, असे सांगितले.

या शेवटच्या उत्तराचे दोन अर्थ परंपरेने लावले गेले. राज्यकर्त्यांच्या लेखकांनी त्यात नशेने भडकलेला माथेफिरू पाहिला. राष्ट्रीय इतिहासकारांनी, आणि मराठीत सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथाने घडविलेल्या परंपरेने, मंगल पांडेकडे हुतात्मा म्हणून पाहिले. त्या दृष्टीने नावे न सांगणे हे निष्ठेचे मौन ठरते आणि नशेचा मुद्दा गौण होतो. २००५ मध्ये रुद्रांग्शु मुखर्जी यांनी आपल्या छोट्या ग्रंथात, हा वीर हुतात्मा की योगायोगाने झालेला नायक, असा प्रश्न उघडपणे विचारला आणि नशेच्या मुद्द्याला पुन्हा महत्त्व दिले.

स्मृतीच्या शास्त्राने या वादात एक निराळा विवेक आणता येतो. भांगेतील द्रव्य हिप्पोकॅम्पसच्या कार्यात अडथळा आणते आणि नव्या आठवणींची घडण बिघडवते, हे आज सिद्ध आहे. त्यावर पराकोटीची उत्तेजना, तलवारीची झटापट, आणि शेवटी स्वतःच्या हातून झालेली गोळीची जखम. आठ दिवसांनी त्याच अवस्थेतून उठवून न्यायालयापुढे आणलेल्या माणसास झटापटीतील तपशील आठवले नसतील, तर त्यात नवल नाही. ‘ठाऊक नव्हते’ हे उत्तर कदाचित अक्षरशः खरे असेल. परंतु कोणाला जखमी केले हे न आठवणे आणि का बाहेर पडलो हे न आठवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संकल्प हा त्या दिवसाच्या आधीचा. फेब्रुवारीपासून छावणीत चाललेल्या कुजबुजीत, काडतुसांच्या भयात तो रुजलेला. अशी जुनी, अनेकवार उजळलेली स्मृती आघाताने सहजी पुसली जात नाही. रिबोचा नियमच तसा आहे. म्हणून स्वतःच्या इच्छेने केले हे पहिले उत्तर आणि कोण जखमी झाले ते ठाऊक नव्हते हे दुसरे उत्तर यांत विसंगती नाही. नशेने कृतीची आठवण नेली असेल. त्यावरून कृतीचा हेतूही नशेनेच दिला असे अनुमान निघत नाही.

मौनाबद्दल मात्र शास्त्रास काही सांगता येत नाही. विसरलेला मनुष्य आणि न सांगणारा मनुष्य कागदावर एकसारखेच दिसतात. ही मर्यादा मान्य करूनच पुढे जावयास हवे. मेलेल्या माणसाच्या मेंदूचे निदान करू पाहणारा टीकाकार शास्त्राच्या नावाने कादंबरी लिहीत असतो.

६

बराकपूरला त्यापूर्वीचीही एक जखम होती. पहिल्या ब्रह्मी युद्धाच्या वेळी सत्तेचाळिसाव्या पलटणीने सामान वाहण्यास बैल मिळेनात आणि समुद्र ओलांडावा लागेल या भयाने कूच करण्यास नकार दिला. २ नोव्हेंबर १८२४ रोजी सेनापती पॅजेटने याच छावणीतील मैदानावर तिच्यावर तोफा डागविल्या. मृतांचा आकडा साधनासाधनांत निराळा आहे. त्यांचा पुढारी बिंदी तिवारी यास फाशी देऊन त्याचे प्रेत साखळदंडांत टांगून ठेवण्यात आले. लोकांच्या मनावर दहशत कोरावी हाच त्यामागील हेतू. परंतु लोकांनी त्या जागेचे देऊळ केले. ज्यांनी १८२४ पाहिले नव्हते अशा शिपायांची पिढी १८५७ मध्ये या मैदानावर कवायत करीत होती. व्यक्तीच्या शरीरावरील आघात तिच्याबरोबर संपतो. जागेवर टांगलेला आघात कथेच्या रूपाने पुढील पिढीत जातो. ही स्मृती वैयक्तिक स्मृतीच्या नियमांनी तपासता येत नाही, हेही ध्यानात ठेवणे इष्ट आहे. तीत तपशील झिजतात, अर्थ वाढतो.

७

मराठी वाचकाच्या दृष्टीने बराकपूरच्या या जबान्यांना एक तोलाचा जोड ग्रंथ आहे : विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक १८५७ च्या आरंभी, बायजाबाई शिंदे यांच्या संकल्पित यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने काकांसह उत्तरेकडे निघाले. बराकपूर त्यांनी पाहिले नाही. काडतुसांची हकीगत त्यांच्या कानी पडली ती महूजवळ, शिपायांच्या तोंडून. म्हणजे बंगालमधील घटना कथा बनून माळव्यात पोहोचल्यावर ती त्यांना भेटली. झाशीचा पाडाव मात्र त्यांनी स्वतः भोगला. एप्रिल १८५८ च्या आरंभी सर ह्यू रोझची फौज शहरात शिरली तेव्हा ते शहरातच होते. त्यांनी ही हकीगत लिहिली ती १८८३ च्या सुमारास, म्हणजे पंचवीस वर्षांनी. आणि आपल्या मृत्यूनंतरच प्रसिद्ध करावी या अटीवर ती चिंतामणराव वैद्यांच्या स्वाधीन केली. वैद्यांनी ती १९०७ मध्ये प्रसिद्ध केली.

या ग्रंथात सन व तिथी यांचा घोळ आहे, घटनांचा क्रम कोठे कोठे मागेपुढे झाला आहे, ऐकीव वार्ता आणि पाहिलेले प्रसंग यांची सरमिसळ आहे. अशा चुका दाखवून काही अभ्यासकांनी ग्रंथाचे ऐतिहासिक मूल्य कमी लेखले. उलटपक्षी कथनाच्या जिवंतपणाने भारावलेल्या वाचकांनी त्यातील प्रत्येक ओळ प्रमाण मानली. दोन्ही पक्ष ग्रंथास एकसंध मानतात, हीच त्यांची चूक होय. आघाताची स्मृती एकसंध नसते. झाशीच्या प्रकरणात कोणत्या दिवशी कोणत्या फौजेने कोणत्या वस्तू लुटल्या, लपून बसलेल्या माणसांनी कसे दिवस काढले, ग्रंथालयाचा नाश कसा झाला, हे तपशील ज्या स्पष्टतेने येतात ती स्पष्टता भयाच्या धारेने कोरलेल्या स्मृतीची आहे. पोथ्यांवर जगणाऱ्या भिक्षुकाने पोथ्यांचा नाश विसरू नये, हेही स्वाभाविक आहे. अवधान जेथे खिळले तेथे स्मृती झाली. याच ग्रंथात एकूण संख्या, अंतरे, तारखा येतात तेव्हा पायाखालची जमीन सैल होते; कारण लपून बसलेल्या माणसाजवळ मोजण्याचे साधन नसते.

काल्पीच्या वाटेवर राणी लक्ष्मीबाईंची भेट होते आणि तहानेने व्याकूळ झालेली राणी भटजींना पाणी काढू न देता स्वतः विहिरीतून काढून पिते, तो प्रसंग या कसोटीवर घासून पाहावा. विहीर, पाणी, राणीचा वेष, तिच्या देहावरील थकवा, हे भटजींच्या डोळ्यांसमोरचे मध्यवर्ती दृश्य आहे. त्याविषयी शंका घेण्याचे कारण दिसत नाही. राणीच्या मुखातील वाक्ये मात्र पंचवीस वर्षे पाहुणचाराच्या ओटीवर सांगितल्या गेलेल्या कथेची वाक्ये आहेत. १९८६ मध्ये चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी नायसर व हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लेखी आठवणी घेतल्या आणि सुमारे अडीच वर्षांनी त्याच पुन्हा विचारल्या. अनेकांची दुसरी हकीगत पहिलीहून साफ निराळी होती. आणि आपली आठवण अचूक आहे याची त्यांना पक्की खात्री होती. अडीच वर्षांत असे होते, तर पंचवीस वर्षांत शब्द जसेच्या तसे राहतील ही अपेक्षा अवास्तव होय. परंतु शब्द बदलले म्हणून भेट खोटी ठरत नाही.

ग्रंथाच्या छापील इतिहासातही स्मृतीचीच एक प्रतिमा दिसते. वैद्यांनी भटजींची भाषा आपल्या काळाच्या अभिरुचीनुसार सुधारली, काही भाग नीटनेटका केला. मूळ हस्तलिखिताच्या आधारे सिद्ध केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली, तेव्हा वाचकांना मूळच्या खडबडीत, बोलीच्या वळणांनी भरलेल्या गद्याचा परिचय झाला. बराकपूरच्या दुभाष्याने जे पुसून टाकले तेच येथे हस्तलिखिताने राखले. मजकूर गुळगुळीत करणारा संपादक सद्भावनेने का होईना, साक्षीदाराच्या शरीराच्या खुणा नाहीशा करतो, आणि मग चिकित्सेस हाती काही उरत नाही.

८

यावर एक आक्षेप घेतला जाईल. साक्षीदार सत्यनिष्ठ असूनही स्मृती अविश्वसनीय ठरत असेल, तर इतिहास लिहावयाचा कशाच्या आधारे? आणि विशेषतः पराभूतांचा इतिहास, ज्यांच्याजवळ स्मृतीवाचून दुसरे दफ्तरच नव्हते? आक्षेप गंभीर आहे. शास्त्राचे नाव घेऊन दुर्बलांच्या साक्षी उडवून लावण्याचा धोका त्यात आहेच. जुलूम सोसलेल्या माणसाच्या हकीगतीत तारीख चुकली म्हणून जुलूमच झाला नाही असे म्हणणारे वकील आजही न्यायालयांत आढळतात.

परंतु स्मृतीविषयी येथवर जे सांगितले त्याचा निष्कर्ष याच्या नेमका उलट आहे. आघाताखाली घडलेल्या स्मृतीत तारखांचा घोळ, क्रमाची उलटापालट, कडेच्या गोष्टींचे अज्ञान आणि मध्याची तीव्र स्पष्टता ही एकत्र असणे हे स्वाभाविक आहे; ते असत्याचे लक्षण नव्हे. ज्या साक्षीत प्रत्येक चेहरा, प्रत्येक वार आणि प्रत्येक घटिका सारख्याच निश्चितीने सांगितलेली असते, तिच्याकडेच अधिक बारकाईने पाहावयास हवे. तेव्हा साधनचिकित्सेने साक्षीदारास एकूण विश्वासार्ह वा अविश्वसनीय ठरविण्याचा हव्यास सोडून वाक्यागणिक विचारावयाचे ते असे : हे सांगणाऱ्याचे डोळे त्या क्षणी कोठे होते, शरीर कोणत्या अवस्थेत होते, त्यानंतर किती वेळा ही कथा सांगितली गेली, आणि ती कोणाच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आली.

या प्रश्नांच्या प्रकाशात बराकपूरचे कागद पुन्हा वाचले असता मंगल पांडेविषयीचे पारंपरिक ज्ञान फारसे बदलत नाही. तो बाहेर आला, त्याने गोळ्या झाडल्या, हे सारे त्याने आपल्या इच्छेने केले. हे खंबीर आहे. बदलतो तो दुसऱ्या माणसाविषयीचा निर्णय. ईश्वरी प्रसाद जागचा हलला नाही हे अनेकांनी, सुरक्षित अंतरावरून, शांत डोळ्यांनी पाहिले. तेवढे सिद्ध मानावे लागते. त्याने आपल्या माणसांना अडविले, हा आरोपाचा अधिक भयंकर भाग मात्र ज्या ठिकाणी पाहणाऱ्यांची स्मृती शरीरतः सर्वांत दुबळी होती त्याच ठिकाणी उभा आहे. त्या काळी कंपनी सरकारची घाई आणि भय लक्षात घेता निष्क्रियतेबद्दलही त्याला फाशीच झाली असती, हे संभवनीय आहे. पण शिक्षा काय झाली असती हा एक प्रश्न आणि काय सिद्ध झाले होते हा दुसरा. मंगल पांडेच्या नावाने बराकपुरात उद्यान आहे, १९८४ मध्ये त्याचे टपाल-तिकीटही निघाले. त्याच्यामागून तेरा दिवसांनी फासावर गेलेल्या जमादाराचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. त्याच्याविरुद्धच्या साक्षी अजून वाक्यागणिक तपासल्या जावयाच्या आहेत.